दहा बाय दहाच्या खोलीसाठी लेन्स

यंदा मे महिन्यात क्लासमधून फोन आला. "ताई, की लागली. फेटे आलेत. रविवारी नऊला या." मॅनेजरनं येता का असं विचारलंसुद्धा नाही, म्हणजे मी हो म्हणणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. खिडकीबाहेर ऊन रखरखत होतं, पण डोकं तापलं ते उन्हानं नाही.

लातूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला होते, निकाल जूनमध्ये लागतो. मधल्या दिवसांत उत्तरांची की बाहेर येते आणि पोरं आपापले मार्क मोजतात. आता निकालापर्यंत थांबायला हरकत नसावी. पण आमच्या गावात निकाल लागल्यावर तासाभरात चौकात फ्लेक्स चढला नाही तर क्लासची अब्रू जाते. म्हणून अंदाजानं ज्यांचा नंबर लागेल असं वाटतं, त्या पोरापोरींना आधीच बोलावतात, फेटे बांधतात आणि फोटो काढून ठेवतात. मार्कांची जागा रिकामी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! तुरीच्या बाजाराच्या गावात राहून आम्हाला ही म्हण कळू नये, याला काय म्हणावं?

ते फोटो आठ वर्षं मीच काढते आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचा सगळा संताप दुसऱ्यांवरच काढते आहे असं वाटेल.

त्या हॉलचा वास मला डोळे मिटूनही येतो. खळ लावलेल्या फेट्यांचा, घामाचा, खोबरेल तेलाचा. फेटे तयार, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. पोरं चाळीस आणि फेटे आठ. एकाच्या डोक्यावरचा उतरवायचा, आतून रुमालानं पुसायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा. मुलींच्या वेण्या फेट्यात मावत नाहीत, मग पिना. पेढ्यांचा बॉक्स एकच. आईनं किंवा बापानं लेकराच्या तोंडाशी पेढा धरायचा आणि दोघांनी हसायचं. मॅनेजर दर वेळी ओरडतो, "खायचा नाही, नुसता धरायचा!" अकरा वाजेपर्यंत त्या पेढ्याचा आकार गेलेला असतो, त्यावर वीस माणसांच्या बोटांचे ठसे असतात. तरी फोटोत तो गोडच दिसतो. शेवटी फेटे काढून सगळ्यांचा एक मोठा ग्रुप फोटो, तो फ्लेक्ससाठी.

गेल्या वर्षी रेणुका तिथं भेटली. नांदेडपलीकडच्या उमरीची पोरगी, अबोल, उंच. तिच्या मनगटावर पुरुषी, रुंद पट्ट्याचं घड्याळ होतं, इतकं सैल की कोपरापर्यंत घसरायचं. ते तिच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. परीक्षेत घड्याळ चालत नाही, पण सरावाच्या पेपरांना वेळ बघायला म्हणून त्यांनी स्वतःच्या हातातलं काढून दिलं होतं. अण्णांची उमरीला पिठाची गिरणी. पांढरा सदरा घालून, नवी टोपी घालून आले होते, तरी भुवयांत पीठ होतंच. मॅनेजरनं माईकवर "आपले भावी डॉक्टर" म्हटलं आणि अण्णांनी दोन्ही हात जोडले.

चूक तिथंच झाली. अण्णांना वाटलं, हाच सत्कार. क्लासनं बोलावलं, फेटा बांधला, माईकवरून डॉक्टर म्हटलं, फोटो काढला, आता आणखी काय राहिलं? त्यांना कोणी सांगितलं नाही की हा अंदाज आहे. मीही नाही. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"ताई, या फोटूची एक मोठी कापी द्या मला. गिरणीत लावायचा हाय. दळण घेऊन येनाऱ्या समद्यांला दिसला पायजे."

मी दिली. दोन हात रुंद, लॅमिनेट करून, हौसेनं. क्लासला न विचारता दिली आणि मनातल्या मनात स्वतःचं कौतुकही केलं, की बघा, एका बापाला किती आनंद दिला. अण्णांनी तो फोटो एसटीत मांडीवर उभा धरून नेला. उमरीत पेढे वाटले. निकालाला अजून तीन आठवडे होते.

निकाल लागला त्या दुपारी मॅनेजरची यादी आली. त्या मोठ्या ग्रुप फोटोतून सहा जणांना काढायचं. "एक तासात फ्लेक्स छापायला द्यायचाय ताई, उरका." मी उरकलं. माउस माझ्याच हातात होता. सहा पोरं एकेक करून पुसली, त्यांच्यामागे पडद्याचा निळा रंग भरला, उरलेल्यांना जवळ सरकवलं. रेणुका चौथी. पुसताना मला तिचं नावही आठवलं नाही. घाईत एक गोष्ट राहून गेली. शेजारच्या मुलीच्या खांद्यावर रेणुकानं ठेवलेला हात.

तो हात शिवाजी चौकात चढला. पंचवीस फुटी फ्लेक्सवर, गुलालाच्या रंगात नटलेल्या पोरांमध्ये, कोणाचाच नसलेला एक हात, मनगटावर घड्याळ. अख्ख्या लातूरला दिसला नाही. पोरीला भेटायला आलेल्या अण्णांना रिक्षातून उतरताउतरता दिसला.

ते माझ्या फोटोच्या दुकानात आले तेव्हा मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसायलाच पाहिजे होत्या. ते पाणी प्यायले. म्हणाले, "ताई, चौकात आमच्या रेणूचा हात हाय."

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"घड्याळ माझंच हाय, म्हून वळखलं." मग तेच मला समजावल्यासारखं म्हणाले, "हुतंय. काई न्हाई. पुढल्या वर्षी बाकीची दिसंल."

या वाक्याचा मला आजही राग येतो. अण्णांचा नाही, त्या वाक्याचा. त्यांनी भांडायला हवं होतं. क्लासची काच फोडायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी पोरीला पुन्हा वर्षभरासाठी त्याच क्लासला, त्याच होस्टेलला ठेवलं. गिरणीत फेट्याचा फोटो लागलेला, गावाला पेढे वाटलेले. आता फोटो खोटा पडू द्यायचा नव्हता, म्हणून पोरीनं तो खरा करायचा. आणि तो फोटो मी दिलेला.

रेणुकाला हे वर्ष नको होतं. ती मला नंतर भेटली, रसाच्या गाड्यावर. "मला नांदेडला नर्सिंगला जायचंय ताई. डॉक्टर नको वाटून ऱ्हायलं मला. अण्णाला सांगितलं तर म्हणतो, फेटा बांधल्यावर कुनी माघारी फिरतं का?" रसाचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "त्यानं माझी खोली बघितली ना, तर तो मला एक दिस ठिवनार न्हाई. पन त्याला वर कोन सोडतं?"

खरंच आहे ते. मुलींच्या होस्टेलात पुरुषांना वर जाऊ देत नाहीत, बापालाही नाही. बाप लोक फाटकाजवळच्या पायरीवर बसतात, डबा देतात, विचारपूस करतात आणि तिथूनच परतीची गाडी धरतात. ट्यूशन एरियातल्या कुठल्याही पायरीवर रविवारी बघा, वीस-वीस बाप बसलेले असतात. लेक ज्या खोलीत दोन-दोन वर्षं राहते, ती त्यांनी कधी बघितलेली नसते. मुलींची काळजी म्हणून केलेला हा नियम आहे आणि त्याच्याआड काय काय झाकलं जातं हे कोणी विचारत नाही.

"तुमी या ना वर," रेणुका म्हणाली. "खोलीचा फोटो काढा. हाय तशी."

मी गेले. मोबाइल फाटकाशीच ठेवून घेतात. सोबत क्लासचे फोटो काढते तो कॅमेरा नेला नाही, त्याची शिसारी आली होती. अप्पांचा नेला. अप्पा म्हणजे माझे वडील, नांदेडला त्यांचा स्टुडिओ होता. त्यांचा हा जुना रेंजफाइंडर, रोलवर चालणारा. कपाळाला कॅमेरा टेकवून टेकवून त्यांच्या विभूतीचा पांढरा डाग त्याच्या पाठीवर बसलाय, तो मी पुसलेला नाही. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते. तिच्यात पांढऱ्या रेघांची एक चौकट दिसते. चौकटीत जेवढं येतं तेवढंच फोटोत उतरतं. पण चौकटीबाहेरचंही खिडकीतून दिसत राहतं. आपण कोणाला कापतो आहोत, ते या कॅमेऱ्यात डोळ्यांसमोर असतं. कापलं ते कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

अप्पांकडे लेन्स एकच, पन्नास मिलिमीटरची. ती माणसाच्या चेहऱ्यासाठी. दहा बाय दहाच्या खोलीत तिचं काय चालणार? मी दाराला पाठ लावली तरी चौकटीत फक्त रेणुका आणि मागची खिडकी. डावीकडची कॉट बाहेर, उजवीकडची बाहेर, खाली गुंडाळलेली गादी बाहेर. मला ते सगळं दिसत होतं आणि घेता येत नव्हतं. शेवटी जे आलं ते काढलं. खिडकीतून छान उजेड येत होता, रेणुकाच्या गालावर पडला होता. अप्पा असते तर शाबासकी दिली असती.

तो फोटो बघून अण्णा फोनवर म्हणाले, "चांगली हाय की खोली! उजेड लई हाय."

दुसऱ्यांदा मीच. पहिल्यांदा खोटा फेटा दिला, दुसऱ्यांदा खोटा उजेड.

त्यामुळे यंदा मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी सरळ म्हटलं, येत नाही. त्यालाही राग आला नाही, नुसतं आश्चर्य वाटलं. "आठ वर्षं काढताय की. आता काय झालं?" मी फोन ठेवला. त्यानं दुसरा माणूस बघितला, फेटे पुसले गेले, पेढा धरला गेला. माझ्या नकारानं कोणाचं काही अडलं नाही.

रेणुका या वेळी फेट्याच्या यादीत नव्हतीच. कीवरून मोजलेले मार्क गेल्या वर्षीपेक्षा कमी. अण्णांनी निरोप पाठवला होता की खोली सोडू नको, रिपीटरची बॅच आठ दिवसांत चालू होते. म्हणजे तिसरं वर्ष. माझ्याकडे आठ दिवस होते. निरोप कळला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नांदेडची एसटी धरली.

मुनीरचाचा अप्पांचे दोस्त. नांदेडला जुन्या बाजारात एका जिन्याखाली बसून कॅमेरे दुरुस्त करतात. आता दुरुस्तीला कॅमेरे येत नाहीत, तरी रोज दुकान उघडतात. मी म्हटलं, वाइड लेन्स पाहिजे, छोटी खोली आहे. लेन्सचा आकडा जितका लहान, तितकं चौकटीत जास्त मावतं. त्यांनी ड्रॉवर ओढला आणि फडक्यावर तीन लेन्सा मांडल्या. एक पस्तीसची. दोन अठ्ठावीसच्या, त्यातली एक जाडजूड, दुसरी दोन बोटांत मावेल एवढी.

"पैंतीस ले, आरामकी है," चाचा म्हणाले. "अठ्ठावीस में तेरेकू चष्मा उतारना पडता. चौकट पूरी नैं दिखती चष्मेवालेकू."

मी जाड अठ्ठावीस उचलली. तिची काच मोठी, अंधारातही काम करणारी. कॅमेऱ्याला लावून खिडकीतून बघितलं तर उजवा खालचा कोपरा काळा. लेन्सच इतकी पुढे आलेली की तिचंच नाक आड येतंय.

"ये तो कोपरा खा जाती," मी म्हटलं.

"हौ. बडी चीज है ना, बीच में आतीच."

नको म्हटलं. एक कोपरा खाऊन झालाय माझा, चौकात. शिवाय होस्टेलच्या मावशींसमोरून न्यायची होती. जाड लेन्स बघितली की मावशी विचारणार आणि मुली आखडणार. छोटी पर्समध्ये रुमालाखाली बसते. पण छोटीला उजेड जास्त लागतो आणि चौकटीसाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी खिडकी बसवावी लागते. पस्तीसला यातलं काहीच नको. मी पस्तीस आणि छोटी अठ्ठावीस उलटसुलट करत बसले.

चाचा वैतागले. "तेरे अप्पा जिंदगीभर पचास पे निकाल दिए. तू काय को इतना सोचरी?"

मी सगळं सांगितलं. फेटा, हात, उजेड, सगळं. ते ऐकताना त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. मग त्यांनी पस्तीस, छोटी आणि तिची ती वेगळी खिडकी एका डबीत घातली. "दोनों ले जा. खोली में खडी रहके देख. दुकान में बैठके खोली नैं कळती."

उठताना म्हणाले, "एक बात याद रख. ये छोटी कोने के आदमीकू खींचती. मुंडी लंबी कर देती. बच्चीकू किनारे नक्को खडा करना."

लातूरला परतल्यावर मी होस्टेल गाठलं. जिन्यात पत्र्याची धग होती. रेणुकाच्या खोलीतल्या दोघी अभ्यास करत होत्या, त्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली. दाराला पाठ लावून आधी पस्तीस लावली. एक कॉट आली, टेबल आलं, दुसऱ्या कॉटचा अर्धा पाय. बरी दिसत होती खोली. पुन्हा बरी! मी ती उतरवली. छोटी लावली, चष्मा काढला, डोक्यावरच्या खिडकीला डोळा लावला आणि मला रडू आलं, कारण सगळं आलं होतं. दोन कॉट. त्यांच्यामधली हातभर जमीन. टेबलाखाली गुंडाळलेली गादी. दोरीवरचे ओले कपडे, त्यांच्याखाली बादली, बादलीशेजारी पुस्तकांची चवड. भिंतीवर पोपडे आणि पोपड्यांवर चिकटवलेलं टाइमटेबल. खिडकी होती, पण तिच्यात फक्त शेजारच्या इमारतीची भिंत, मागच्या वेळी उजेडात न दिसलेली.

रेणुका सवयीनं कडेला जाऊन उभी राहिली.

"मध्ये ये," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

रोल घरीच धुतला. फोटो मोठा केला, दोन हात रुंद, फेट्याच्या फोटोएवढाच. मग पस्तीसची लेन्स नांदेडला परत दिली आणि तशीच उमरीला गेले.

गिरणी चालू होती. दळणाचे डबे रांगेत, बायका डोक्याला पदर लावून बसलेल्या. वर, पट्ट्याच्या आवाजात थरथरत, रेणुका फेटा बांधून हसत होती. तिच्या तोंडाशी पेढा. लॅमिनेशनवर पिठाचा थर बसला होता, चेहऱ्यापुरता तेवढा कोणीतरी रोज पुसत असावं.

मी गुंडाळी सोडली. अण्णांनी हात सदऱ्याला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. आधी पोरगी बघितली. मग डावीकडे गेले, मग उजवीकडे. ओठ हलत होते. मग त्यांनी गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"दोनच कॉटी हायत," ते म्हणाले. "पोरी किती?"

"तीन."

"मग रेणू झोपती कुटं?"

मी टेबलाखालच्या गादीवर बोट ठेवलं. तिथून कॉटमधल्या हातभर जमिनीवर.

एक बाई म्हणाली, "अण्णा, माझं जवारीचं राहिलंय." त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या हातभर जमिनीवर स्वतःचं बोट फिरवलं. मला वाटलं, आता पुन्हा म्हणतील, हुतंय, काई न्हाई. म्हणाले असते तर मी तिथंच त्यांच्यावर ओरडले असते, तयारीच होती माझी.

"लातूरची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

हात धुऊन आले. भुवया तशाच पांढऱ्या. स्टुलावर चढून फेट्याचा फोटो काढला, तोंड भिंतीकडं करून पोत्यांमागं टेकवून ठेवला. मागच्या भिंतीवर त्याच्याएवढा स्वच्छ चौकोन राहिला. नांदेडला गाडी बदलली. नवा फोटो गुंडाळून काठीसारखा हातात उभा धरला होता.

होस्टेलच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पायरीवर चार बाप बसले होते. अण्णा त्यांच्यात बसले नाहीत, सरळ आत गेले. मावशी टेबलामागून उठल्या.

"ओ काका! पुरुष मानसाला वर न्हाई जाता येत."

अण्णांनी टेबलावर फोटो उलगडला. वर पंखा फिरत होता, कागद उडायला लागला, तेव्हा एका कोपऱ्यावर त्यांनी आपली मूठ ठेवली आणि दुसऱ्यावर माझा हात ओढून ठेवला.

"म्या वर जाऊनच आलोय," ते म्हणाले. "पोरीला खाली बोलवा. सामान घिऊन."